ओट्यावरचं गाणं : खान्देशातल्या एका रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमचं प्रकरण

जळगावात माझी रेकॉर्डिंगची एक छोटी खोली आहे, बारा बाय चौदा फुटांची. वर्षभर तिथे अहिराणी लग्नगीतं, भजनं आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराची गाणी रेकॉर्ड होतात. या बँडचा दुसरा अल्बम जानेवारीपासून पुढच्या श्रावणापर्यंत माझ्या हाताखालून गेला. रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, हिशोब आणि कागदपत्रंही माझ्याकडेच होती. त्यामुळे खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या काही सरळ माझ्या आहेत.

ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि गावं व काही तपशील बदलले आहेत. बँडच्या चौघांनी हे वाचलं आहे. ज्यांच्याभोवती हे सगळं फिरलं त्या मावशींना मी स्वतः वाचून दाखवलं आहे.

## पार्श्वभूमी

बँडमध्ये चौघं. गायक अमळनेर तालुक्यातला, गाणी लिहितो आणि रिदम गिटार वाजवतो. लीड गिटारवाला भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. बास वाजवणारा जळगावचा, सराफाच्या दुकानात नोकरीला. ड्रमर धुळ्याकडचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे आणि तोही लग्नसराईत अजून बँडबरोबर जातो, कारण वर्षाचं घर त्यावर चालतं.

पहिला अल्बम त्यांनी पुण्यात केला. भाड्याचा स्टुडिओ, तासावर पैसे, पाच दिवसांत आठ गाणी. भाषा प्रमाण मराठी. अल्बम नीटनेटका झाला होता, मी तो आवडीने ऐकला. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणेश मंडळांच्या कार्यक्रमात ही गाणी सुरू झाली की समोरचे लोक पाहुण्यासारखे शांत बसत. दोन गाण्यांच्या मध्ये गायक अहिराणीत चार वाक्यं बोलला की तीच माणसं उठून उभी राहत. हे चोपड्याला झालं, शिरपूरला झालं, साक्रीला झालं. तिसऱ्या वेळी परतीच्या गाडीत ड्रमर म्हणाला, "आपण बोलतो एका भाषेत आन गातो दुसऱ्या भाषेत. लोकं बोलण्याला टाळ्या देता."

दुसरा अल्बम अहिराणीत करायचा हे त्या रात्रीच ठरलं. सात गाणी. सहा गायकाने लिहिलेली, सातवं कानबाईचं.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई ही देवी बसते. गव्हाच्या रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर जागरण असतं, बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली माणसंही या दोन दिवसांसाठी गावी येतात. ही गाणी बहुतेक कुठे लिहिलेली नसतात. सासूकडून सुनेकडे, आजीकडून नातीकडे येतात आणि येताना त्यात नवी कडवी मिसळत जातात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिथेच अडलं.

ड्रमरच्या सख्ख्या मावशी पारोळ्याकडच्या एका गावात राहतात. साठी ओलांडलेल्या. गावात कानबाईच्या गाण्यांना पहिला आवाज त्यांचा असतो. सातव्या गाण्यात त्यांचा आणि त्यांच्याबरोबरच्या चार बायकांचा आवाज हवा, यावर चौघांचं एकमत होतं.

## अडचण

पैसे कमी होते. वर्षभराच्या कार्यक्रमांतून नव्वद हजारांच्या आसपास जमले होते आणि पुण्याचा पहिला अल्बम सव्वा लाखाला पडला होता.

वेळ त्याहून कमी होता. तुळशीच्या लग्नानंतर ड्रमरच्या तारखा लागायला लागतात त्या थेट जूनपर्यंत. मे महिन्यात तर एकेका दिवशी दोन-दोन लग्नं. मावशी आणि त्यांच्या सोबतिणी शेतात राबणाऱ्या, पाऊस पडला आणि पेरणी सुरू झाली की त्या मोकळ्या नाहीत. आणि अल्बम कानबाईच्या आधी आला पाहिजे, हे सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणजे मे आणि जूनचा पहिला आठवडा एवढाच काळ हातात.

मे महिना जळगावात काय असतो हे सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. माझ्या खोलीत टेक घेताना एसी बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. वीस मिनिटांत खोलीचा भट्टा होतो, घामाने तारा बुळबुळीत होतात आणि गिटारचा सूर हलतो.

## पुणे, माझी खोली की गोदाम

पुण्याला जायचा पर्याय पहिल्या बैठकीतच मांडला गेला. लीड गिटारवाल्याचं म्हणणं होतं की ड्रमचा आवाज नीट आला नाही तर रॉक अल्बमला काही अर्थ नाही आणि तसा आवाज मोठ्या स्टुडिओतच येतो. त्याचं पहिलं अर्धं म्हणणं बरोबर होतं. माझी खोली ड्रमसाठी छोटी आहे. झांजांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून लगेच परत येतो आणि सगळ्या माइकमध्ये घुसतो. पण पुण्याला मावशींना आणि चार बायकांना नेणं कुणाच्याच मनाला पटत नव्हतं. शिवाय तिथे तासाचं मीटर चालू असलं की ड्रमर आखडतो, हे पहिल्या अल्बमच्या वेळी दिसलं होतं.

दुसरा पर्याय, सगळं माझ्याच खोलीत करायचं आणि ड्रम कॉम्प्युटरवर प्रोग्राम करायचे. लग्नगीतांना आम्ही सर्रास तेच करतो. ड्रमर त्यावर काही बोलला नाही. उठून बाहेर गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. तो पर्याय तिथेच संपला.

तिसरा पर्याय बासवाल्याने आणला. त्याच्या ओळखीच्या एका शेठजींची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. कापसाचा हंगाम आटोपला की जिनिंग शांत होते, गोदामात थोड्या गाठी पडून राहतात. मोठी जागा, उंच छत आणि भाडं नाही. शेठजींची अट एकच: आत विडी-काडी नाही, गरम होणारे दिवे नाहीत, आणि रात्रभर त्यांचा एक माणूस आमच्याबरोबर बसणार. रुईच्या गोदामात ठिणगी म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

गोदाम ठरलं. पैसे वाचतील हे कारण पुढे केलं गेलं, पण माझ्या मते खरं कारण वेगळं होतं. ड्रमरला आपल्या भागातली जागा मिळाली की तो मोकळा वाजवेल, याची मला खात्री होती.

## गोदामातल्या रात्री

लग्नाच्या तारखांमधून सहा रात्री काढल्या. दिवसा ते काम अशक्यच होतं. पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि सुरत-नागपूर हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आत येतो.

रुईची एक गाठ १७० किलोची. ती हमालांशिवाय हलत नाही. ड्रमभोवती गाठींचा आडोसा केला तर आवाज आवरेल, ही कल्पना चांगली होती, पण गाठी कुठे ठेवायच्या ते संध्याकाळी सहाच्या आत ठरवावं लागे, कारण सहाला हमाल घरी जात. स्टुडिओत आपण फळी सरकवतो, ऐकतो, परत सरकवतो. इथे एकदा मांडलं की रात्रभर तेच.

पहिल्या रात्री आम्ही तिन्ही बाजूंनी गाठी लावल्या, जवळ, दोन थर. ड्रमचा आवाज पार बसला. गादीवर काठी मारावी तसा. झांजांची सगळी चकाकी रुईने पिऊन टाकली आणि छताखाली खालचा घुमारा मात्र तसाच राहिला. पहाटेपर्यंत माइक सरकवून पाहिले, काही उपयोग झाला नाही. एक रात्र वाया गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी आणि बासवाला तिथे गेलो. टाळ्या वाजवत गोदामभर फिरलो. कोपऱ्यांत घुमारा जास्त होता, म्हणून गाठी कोपऱ्यांत दोन-दोन थर रचून घेतल्या आणि ड्रमच्या समोरची बाजू उघडी ठेवली. पाठीमागे फक्त एक ओळ. हमालांना दोन तासांची मजुरी दिली. अख्ख्या अल्बममध्ये इतके नीट लागलेले पैसे दुसरे नाहीत.

माझ्याकडे आठच इनपुट होते, म्हणजे एका वेळी आठच माइक. ड्रमसेटमधल्या किक, स्नेअर, हाय-हॅट आणि दोन टॉमना एकेक, डोक्यावर दोन आणि लांब, वजनकाट्याजवळ, एक. त्या लांबच्या माइकमध्ये गोदामाचा खरा आवाज आला. शेवटच्या मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, तो इतका वर राहिला की ऐकणारे विचारतात, कुठल्या हॉलमध्ये केलं?

पत्रा संध्याकाळी थंड व्हायला लागला की तडतडतो. अकरा-साडेअकरापर्यंत थांबावं लागे. मग सुरुवात आणि पहाटे पारवे जागे होईपर्यंत काम. लॅपटॉप बॅटरीवर, बाकी सगळं यूपीएसवर, कारण तिथल्या लाइनची गुणगुण थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरत होती. पाच रात्रींत सहा गाण्यांचे ड्रम झाले. तिसऱ्या रात्री ड्रमर लग्नातून सरळ आला, बँडच्या गणवेशात, आणि त्याच कपड्यांत त्याने दोन गाणी पहिल्याच दमात वाजवली. त्या दोन्ही गाण्यांत वरातीचा जो ठेका आहे तो आम्ही कुणीच आधी ठरवलेला नव्हता.

## ओट्यावर

जूनच्या सुरुवातीला मावशी आणि चौघी माझ्या खोलीवर आल्या. मी त्यांना हेडफोन दिले, हेडफोनमध्ये क्लिक लावला, म्हणजे वेग सांभाळायला एकसारखी वाजणारी टकटक. स्टुडिओत आलेल्या प्रत्येकाला मी तेच करतो. दोन ओळी झाल्या आणि मावशींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ती टकटक बंद कर भाऊ, मंग म्हनसू."

क्लिक बंद केला, तरी गाणं येईना. पाचही जणी माइकसमोर एका रांगेत उभ्या होत्या. एरवी त्या गोल बसतात, अर्ध्या बायका ओळ टाकतात, अर्ध्या उचलतात. एकमेकींचे चेहरे दिसल्याशिवाय ओळ उचलायची कधी हेच कळत नव्हतं. तासाभराने मी थांबवलं, चहा झाला आणि त्या बसने परत गेल्या. जाताना मावशी ड्रमरला म्हणाल्या की कानबाई घरी बसते, दुकानात नाही.

आमच्यापुढे दोन मार्ग होते. बायकांचं गाणं तुकड्या-तुकड्यांनी घेऊन कॉम्प्युटरवर तालात बसवायचं, किंवा त्या म्हणतील तसं घ्यायचं आणि बँडने त्यांच्यामागे जायचं. लीडवाला पहिल्याच्या बाजूने होता आणि त्याला कारण होतं. कानबाईचं गाणं सुरू होतं त्यापेक्षा संपताना बरंच वेगात असतं. जोश चढतो तसा वेग चढतो. त्यावर रॉक बँडने एकसंध वाजवणं कठीण.

ड्रमर म्हणाला, "वरातीत मी घोड्याच्या मागे वाजवतो. घोडा काय क्लिकवर चालतो?"

चार दिवसांनी आम्ही मावशींच्या ओट्यावर होतो. दोन माइक, एक छोटं रेकॉर्डर. बायका गोल बसल्या. मी माइक मध्ये ठेवले आणि स्वतः रस्त्यावर जाऊन बसलो. सोळा कडवी झाली. मध्येच एक बकरी ओरडते, एक मूल "आजी" म्हणून हाक मारतं. ते मूल आम्ही काढलं नाही.

त्या रेकॉर्डिंगवर मग मी ठोक्याठोक्याला खुणा केल्या. सुरुवातीला मिनिटाला ८४ ठोके, शेवटी ९७. सूरही आपल्या गिटारच्या पट्टीत नव्हता, एका स्वराच्या आणि पुढच्या स्वराच्या मध्ये साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. बायकांचा आवाज खाली ओढून गिटारला जुळवणं मशीनवर पाच मिनिटांचं काम होतं. आम्ही गिटार आणि बास वर चढवून मावशींना जुळवले. सहाव्या रात्री ड्रमरने गोदामात हे गाणं वाजवलं. कानात फक्त बायकांचा आवाज, क्लिक नाही. चौथा टेक ठेवला.

अल्बममधलं हे सगळ्यात चांगलं गाणं आहे, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

## कागद

अल्बमचं मिक्सिंग जुलैत पुण्याच्या एका मित्राने केलं. ड्राफ्ट आला तसा ड्रमरने मावशींच्या मुलाला फोनवर पाठवला. घरचा माणूस, आनंदाने पाठवला. सोबत कव्हरचं चित्रही गेलं. मागच्या बाजूला सातव्या गाण्यासमोर लिहिलं होतं: "पारंपरिक. संगीत : बँड."

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, ड्रमरला नाही, मला. "दादा, आते मायना आवाज इकी राह्यनात का तुम्ही?" म्हणजे, आता आईचा आवाज विकताय का तुम्ही?

मी आधी समजावायला गेलो, की विकायचं काही नाही, असल्या अल्बममधून फार पैसे येत नाहीत. ते खरं होतं, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा मी गप्प झालो. सोळापैकी दोन कडवी मावशींनी स्वतः रचलेली होती, एक गावच्या आटलेल्या विहिरीवर आणि एक सुरतेला गेलेल्या लेकावर. म्हणजे त्याच्यावरच. ती पारंपरिक कशी?

ती पारंपरिक नव्हती. कानबाईच्या जुन्या चालीवर आणि जुन्या कडव्यांवर आज कुणा एकाचा हक्क नाही, कुणीही गाऊ शकतं. पण नवं कडवं ज्याने रचलं त्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आणखी पक्का केला आणि गाणाऱ्या कलाकारालाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क दिला. हे मला माहीत होतं. लग्नगीतं लिहून आणणाऱ्या पोरांना मी हेच सांगत आलो होतो. इथे मात्र घरचंच काम म्हणून, मावशी म्हणून, कुणी कागद काढला नाही आणि कडवी कुणाची आहेत हे मी विचारलं नाही.

कानबाईला तीन आठवडे उरले होते. बैठकीत चार गोष्टी मांडल्या गेल्या:

- गाणं काढून टाकायचं आणि सहा गाण्यांचा अल्बम वेळेत आणायचा.
- मावशींची दोन कडवी काढायची, बाकी ठेवायचं.
- तोंडी होकार घेऊन गाणं आत्ता सोडायचं, कागद नंतर.
- नीट करार करायचा, मग कानबाई हुकली तरी चालेल.

तिसऱ्यासाठी लीडवाला आणि गायक दोघेही आग्रही होते. दोन दिवसांच्या सणासाठीच तर हे सगळं चाललं होतं, आणि मावशी तोंडी हो म्हणतील यात शंका नव्हती. मला तोच मुद्दा उलटा वाटत होता. त्या हो म्हणतील हे माहीत असताना घाईत हो म्हणवून घेणं बरं नव्हे. दुसऱ्या पर्यायावर ड्रमर म्हणाला की विहिरीचं कडवं गेलं तर त्याला ते गाणं वाजवता येणार नाही. बासवाला सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "सण दर वर्षी येतो."

करार ठरला आणि कानबाई हुकली.

आम्ही गावी गेलो तेव्हा मावशींनी पैशाचा विषय झटकून टाकला. "हाई गानं मनं नही रे भाऊ, कानबाईनं शे." मुलगा म्हणाला, चौदा कडवी कानबाईची, दोन तुझी. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःची एक अट सांगितली, जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आली नव्हती: हे गाणं निवडणुकीच्या गाडीवर लागता कामा नये. माझ्या धंद्याचा मोठा हिस्सा त्याच गाड्यांवर चालतो. ती अट मी माझ्या हाताने लिहिली.

करार दोन पानांचा, मराठीत झाला. तीन वेळा मोठ्याने वाचला. पाचही जणींना प्रत्येकी ३,००० रुपये मानधन. नव्या दोन कडव्यांच्या गीतकार म्हणून मावशींचं नाव, चाल पारंपरिक, संयोजन बँडचं. या गाण्याचं जे काही उत्पन्न येईल त्याचे ३० टक्के मावशींचे. जाहिरात किंवा प्रचारासाठी गाणं द्यायचं नाही. पाचही नावं कव्हरवर.

## प्रकाशन

नवी तारीख कार्तिकातली धरली, लग्नसराई उघडायच्या तोंडावर. इथे आणखी दोन ठेचा लागल्या.

पहिल्या अल्बमनंतर बँडने वितरण करणारी कंपनी बदलली होती. नव्या ठिकाणी फॉर्म भरताना बँडच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं पडलं. परिणामी स्ट्रीमिंगवर त्याच नावाचं दुसरंच पान तयार झालं आणि अल्बम तिथे जाऊन बसला. जुन्या पानाचे श्रोते जुन्याच पानावर. एकत्र करून घ्यायला दोन आठवडे गेले आणि पहिल्या आठवड्याचं महत्त्व निघून गेलं. स्पॉटिफायवर अजून न आलेलं एक गाणं तिथल्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे आधी सुचवता येतं, निदान सात दिवस अगोदर. ते आम्ही वेळेत केलं होतं, पण चुकीच्या पानावरून. भाषेच्या यादीत अहिराणी नव्हती, मराठी निवडली. ते करताना गायकाचा हात थोडा थांबला होता.

दुसरी ठेच यूट्यूबवर. सातवं गाणं चढवल्यावर दोनच दिवसांत एका संगीत कंपनीचा हक्काचा दावा आला. त्यांच्याकडे याच चालीवरचं एक जुनं व्यावसायिक रेकॉर्डिंग होतं आणि यूट्यूबच्या मशीनने चाल ओळखली होती. आम्ही हरकत घेतली. अशा वेळी समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. चाल पारंपरिक आहे हे लिहिलं, ओट्यावरचं मूळ रेकॉर्डिंग तारखेसह जपलेलं होतंच, आणि कराराची प्रतही होती. मुदत संपण्याआधी दावा मागे घेतला गेला. जुलैतला तो कागद नसता तर कोणत्या तोंडाने हरकत घेतली असती, ते मला माहीत नाही.

## निष्पन्न

स्ट्रीमिंगवर अल्बम मोठा झाला नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय पैसेच मिळत नाहीत. सातपैकी चार गाण्यांनी तो उंबरा ओलांडला, तीन राहिली. एकूण खर्च जमलेल्या रकमेच्या थोडा वर गेला आणि तो कार्यक्रमांतून भरून निघाला.

कार्यक्रमांचं चित्र मात्र पालटलं. आता लोक गाण्यांच्या मध्ये उठत नाहीत, गाण्यात उठतात. गॅदरिंगबरोबर यात्रेतली, लग्नाच्या आदल्या रात्रीची आमंत्रणं येऊ लागली. ड्रमरच्या बँडमधल्या जुन्या वादकांनी अल्बममधला एक ठेका वरातीत उचलला. मी तो पाचोऱ्याला रस्त्यावर ऐकला, कुणाचा आहे हे वाजवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मी गाडी बाजूला घेऊन वरात पुढे जाईपर्यंत थांबलो.

पुढच्या श्रावणात सातवं गाणं फिरलं. मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डांवर गेलं, सुरतेत राहणाऱ्या आमच्या लोकांनी एकमेकांना पाठवलं.

## पुन्हा करायचं झालं तर

कागद माइकच्या आधी. ओट्यावर जायच्या आदल्या दिवशी एक तास बसलो असतो, प्रत्येक कडवं कुणाचं ते विचारून लिहून घेतलं असतं, तर पहिल्याच वर्षी कानबाई साधली असती. नात्यातलं काम असेल तर हा तास जास्त गरजेचा, कारण नात्यात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही.

बायकांना माझ्या खोलीवर बोलावणंही चूक होती. मी त्यांना माझ्या सोयीच्या जागी आणलं. ज्या विचाराने ड्रमरसाठी गोदाम शोधलं, तो विचार त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी केला नाही.

गोदामातली पहिली रात्र टाळता आली असती. दिवसा टाळ्या वाजवून जागा ऐकायला काही पैसे पडत नव्हते. आणि नावाचं स्पेलिंग जुन्या पानावरून बघून भरायचं, इतकं साधं.

मिक्सबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. लीडवाल्याला वाटतं की सातव्या गाण्यात गिटार मागे पडली. त्याचं ऐकून गायकाने एक दुसरं मिक्स करून ठेवलं आहे, ते कार्यक्रमात वाजतं. मला दोन्ही पटतात, कधी एक, कधी दुसरं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. करारात उत्पन्नातला वाटा एकट्या मावशींचा आहे. बाकी चौघींना मानधन मिळालं, पण गाणं त्यांच्याही गळ्यातून आलं आहे आणि ओळ उचलणाऱ्या त्याच आहेत. हे मला करारानंतर बऱ्याच उशिरा लक्षात आलं. बँडशी बोललो, ते तयार आहेत. पहिले पैसे आले तेव्हा मी पाकीट घेऊन मावशींकडे गेलो. रक्कम लहानच होती. त्यांनी पाकीट न उघडता कानबाईच्या कोनाड्यात ठेवलं, चौघींना हाका मारून बोलावून घेतलं आणि रोटाच्या गव्हाचा हिशोब त्यांच्यासमोर काढला. करारात ते कसं लिहायचं, यावर पुढच्या रविवारी पुन्हा ओट्यावर बसायचं ठरलं आहे.